साधनांची रुजुवात आणि वाचकाचा अधिकार

शिवछत्रपतींचा जन्म कोणत्या दिवशी झाला, या वरवर साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा निर्णय लावताना महाराष्ट्राला जी दीर्घ आणि पुष्कळदा कटू वाटचाल करावी लागली, ती ग्रंथप्रकाशनाचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने एकदा लक्षपूर्वक न्याहाळावी अशी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चरित्रांतून, क्रमिक पुस्तकांतून आणि उत्सवप्रसंगीच्या व्याख्यानांतून शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, हे जन्मवर्ष निःशंकपणे सांगितले जात होते; आणि त्याला आधार म्हणून एक सोडून अनेक बखरी दाखविता येत होत्या. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी भोरजवळील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यात जतन झालेली शकावली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे उजेडात आणली, आणि तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, अशी जन्मतिथी नोंदलेली आढळली. पुढे सदाशिव महादेव दिवेकर यांना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची पोथी उपलब्ध झाली. १९२७ साली ते काव्य प्रसिद्ध झाले, आणि महाराजांच्या हयातीत रचल्या गेलेल्या त्या ग्रंथानेही तीच तिथी सांगितली. जोधपूर येथील कुंडल्यांच्या संग्रहात सापडलेल्या महाराजांच्या जन्मकुंडलीने तिला आणखी दुजोरा दिला. इतके होऊनही शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणे मान्य करण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली.

या प्रकरणातील भावनांचा भाग बाजूला ठेवून केवळ प्रमाणांचा विचार केला, तर त्यातून एक तत्त्व निष्पन्न होते, आणि तेच माझ्या प्रतिपादनाचा पाया आहे. एका बाजूला बखरी अनेक होत्या, दुसऱ्या बाजूला प्रारंभी एकटी शकावली. मस्तकांची मोजणी करून निर्णय द्यावयाचा असता, तर शकावलीचा पराभव निश्चित होता. परंतु ज्या बखरी १६२७ सालाचा पुरस्कार करीत होत्या, त्या महाराजांच्या पश्चात फार उशिरा लिहिल्या गेलेल्या होत्या. जन्मतिथीविषयी त्यांच्यांत परस्पर एकवाक्यता नव्हती. आणि त्यांपैकी कित्येकींनी पूर्वीच्या बखरींतील मजकूर आपलासा केलेला असल्यामुळे त्यांची साक्ष स्वतंत्र साक्षीदारांची म्हणता येत नव्हती. उलट कारीच्या देशमुखांचे दप्तर, तंजावरच्या राजग्रंथालयातील काव्याची पोथी आणि जोधपूरच्या ज्योतिष्याची वही ही तीन साधने तीन वेगळ्या प्रदेशांत, तीन वेगळ्या हेतूंनी आणि एकमेकांचा गंधही नसताना सांभाळली गेली होती. ती एकाच तिथीवर येऊन मिळाली, तेव्हा त्या ऐक्याला यदृच्छा म्हणणे अशक्य झाले. दहा पुस्तकांनी एकाच पुस्तकावरून उतरवून घेतलेले विधान म्हणजे एकच विधान होय. आणि पुस्तके दहा असल्याने त्याला येणारा भारदस्तपणा हाच वाचकाला फसविणारा असतो.

हे तत्त्व इतिहासाच्या प्रांतापुरते मर्यादित नाही, याचे भव्य प्रमाण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संकल्प केला आणि १९६६ साली तो सिद्धीस नेला. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. १९२५ पासून १९४३ साली निधन होईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे त्या कार्याचे प्रमुख संपादक होते. ज्या पाठाला अधिक पोथ्या अनुकूल तो पाठ खरा, असा सोपा मार्ग त्यांनी पत्करला असता, तर देवनागरीत विपुल प्रमाणावर उतरविल्या गेलेल्या आणि परस्परांत मिसळून गेलेल्या पोथ्यांनी काश्मीरच्या शारदा लिपीतील अथवा केरळच्या मलयाळम लिपीतील मोजक्या पोथ्यांचा आवाज दडपून टाकला असता. त्यांनी पोथ्यांची कुळे लावली. कोणती पोथी कोणत्या वंशातली, कोणाचे कोणाशी नाते, कोणावर कोणाचा संस्कार झाला, हे ठरविले. आणि भूगोलाने व लिपीने दुरावलेल्या दोन शाखा जेथे एकमुखाने बोलतात, तेथे प्राचीन पाठ सुरक्षित राहिला असावा, असे अनुमान केले.

परंतु साधनांची निवड एवढ्यावर संपत नाही. साधन विश्वसनीय आहे किंवा नाही, असा प्रश्न विचारण्याची जी आपली रीत आहे, तीच मुळात अपुरी आहे. कारण विश्वसनीयता ही शिक्क्याप्रमाणे कागदाच्या माथ्यावर उमटलेली नसते. कोणत्या गोष्टीविषयी विश्वसनीय, हा तिचा दुसरा अर्धा भाग सांगितल्याखेरीज त्या प्रश्नाला अर्थच येत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिलेली बखर घटनांच्या अनुक्रमासाठी अथवा सैन्याच्या आकड्यांसाठी डोळे झाकून स्वीकारता येणार नाही. पण राज्य संकटात असताना त्याच्या संस्थापकाची स्मृती त्याच्या माणसांच्या अंतःकरणात कोणत्या रूपाने वसत होती, हे जाणण्यासाठी तिच्या तोडीचे साधन क्वचितच सापडेल. याच्या उलट राजापूर, सुरत येथील इंग्रज वखारवाल्यांची पत्रे समकालीन, दिनांकित आणि व्यापारी हिशेबीपणाने लिहिलेली असल्यामुळे ती जणू निर्विवाद असावीत, असा समज होतो. परंतु महाराजांच्या मृत्यूच्या अफवा त्यांच्या हयातीतच या पत्रव्यवहारात येऊन गेलेल्या आहेत. पत्रलेखकाने स्वतः पाहिलेली मालाची आवक आणि बाजारात कानावर आलेली वार्ता या दोहोंचे मोल, एकाच कागदावर एकाच शाईने लिहिलेली असली तरी, सारखे धरता येत नाही.

बनावट कागदाचीही हीच गोष्ट आहे. वतनांच्या तंट्यांत खोट्या सनदा आणि खोटे महजर पुढे आणले जात, हे मराठी दप्तरांच्या अभ्यासकांना नवीन नाही. असा कागद ज्या काळाचा म्हणून तो स्वतःला म्हणवितो, त्या काळाविषयी निरुपयोगी ठरतो. मात्र तो ज्या काळी रचला गेला, त्या काळच्या लोभाविषयी, हक्कांविषयीच्या कल्पनांविषयी आणि कोणता पुरावा न्यायसभेत खपेल याविषयीच्या समजुतीविषयी तो अस्सल साक्ष देतो. म्हणून जाणत्या संपादकापुढे संहिता आली असता, लेखकाने थोर ग्रंथ वाचले आहेत की नाहीत एवढे पाहून त्याचे समाधान होऊ नये. प्रत्येक साधनाला त्याच्या आवाक्यातलेच प्रश्न विचारले आहेत की नाहीत, हे त्याने पाहिले पाहिजे. वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी शिवशाहीचा इतिहास लिहिण्याच्या आधी ‘साधन-चिकित्सा’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिणे आवश्यक मानले, यातच या कार्याचे गांभीर्य व्यक्त झाले आहे.

निवडीच्या मागोमाग येते ती रुजुवात. आणि बहुसंख्य प्रकाशनसंस्था ज्या पायरीवर थांबतात, ती हीच. मुद्रितशोधकाने ऱ्हस्वदीर्घ पाहिले, लेखकाने शेवटचे प्रूफ तपासून सही केली, की पुस्तक तपासले गेले असे मानण्यात येते. परंतु अवतरण मूळ ग्रंथाशी ताडून पाहणे, सनावळी पुन्हा मांडून पाहणे, आकडा कोठून आला याचा माग काढणे, हे काम कोणाच्या वाट्याला आले, असे विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळत नाही. आणि हे काम क्षुल्लक नाही. मराठी दप्तरांतील कालनिर्देश पुष्कळ ठिकाणी शुहूर सनात आणि अरबी संख्यावाचक शब्दांत केलेला असतो. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७१, आणि त्यात ५९९ अथवा ६०० मिळविले की इसवी सन १७७०-७१ येतो. मोडीच्या घाईच्या वळणात ‘सबैन’च्या जागी ‘तिसैन’ वाचले गेले, तर वीस वर्षांचा फरक पडतो. आणि त्या वीस वर्षांत माणसे मरतात, कारभारी बदलतात, मित्र शत्रू होतात. वर उल्लेखिलेली १९ फेब्रुवारी ही तारीखसुद्धा ज्यूलियन गणनेची आहे. ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च १६३० होतो. गणनापद्धतीचा निर्देश न करता एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी तारीख छापली, तर दोघेही खरे सांगत असता वाचकाला एक खोटा वाटावयाचा. ग. ह. खरे यांच्यासारख्या तपस्वी संशोधकाला ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक सिद्ध करावेसे वाटले, ते हे धोके त्यांना पानोपानी भेटले होते म्हणून.

या बाबतीत आपल्या पूर्वजांच्या कचेऱ्या आपल्याहून दक्ष होत्या, असे खेदाने म्हणावे लागते. आदिलशाही आणि निजामशाही आज्ञापत्रांच्या अखेरीस, तालीक म्हणजे नक्कल लिहून घेऊन अस्सल भोगवट्यासाठी मूळ मालकाला परत करावे, असा हुकूम पुनःपुन्हा आढळतो. अस्सल कोणते, नक्कल कोणती आणि अस्सल आज कोणाच्या हाती आहे, या तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात निश्चित होत असत. महजरात निवाडा लिहिण्यापूर्वी सभेस हजर असलेल्या मंडळींची नावे नोंदली जात. एखाद्या गावच्या पाटीलकीच्या तंट्यात जेवढी काळजी सरकारी कारकून घेत असे, तेवढी काळजी समग्र समाजाच्या भूतकाळाविषयी निवाडा देणाऱ्या ग्रंथात घेतली जाऊ नये, ही स्थिती समाधानाची नाही. आज एका लेखकाने दुसऱ्याच्या ग्रंथातील तळटीप उचलून, मूळ कागद कधीही न पाहता, जणू आपणच तो हाताळला अशा थाटात आपल्या पृष्ठाखाली उतरवून ठेवावी, हा प्रकार इतका रूढ झाला आहे की त्यात काही अनुचित आहे याची जाणीवही बोथट झाली आहे. वस्तुतः अमक्याच्या ग्रंथात उद्धृत झालेला अमका कागद, एवढे प्रामाणिकपणे लिहिल्याने लेखकाचा दर्जा किंचितही कमी होत नाही. वाचकाला मात्र चूक नेमकी कोठे शिरली असेल ते शोधण्याची वाट मोकळी राहते.

येथे आपण आधारनिर्देशाच्या खऱ्या प्रयोजनाशी येऊन ठेपतो. आधार कशासाठी द्यावयाचे? लेखकाची विद्वत्ता दिसावी म्हणून, पूर्वसूरींचे ऋण मान्य करावे म्हणून, अथवा आक्षेपकाचे तोंड बंद करावे म्हणून, अशी उत्तरे सामान्यतः दिली जातात. माझ्या मते यांतले शेवटचे उत्तर सर्वांत घातक आहे आणि सत्य बरोबर त्याच्या विरुद्ध टोकाला आहे. आक्षेपकाला बोलता यावे, यासाठीच आधार द्यावयाचे असतात. तळटीप म्हणजे लेखकाच्या निर्णयावर अपील करण्याचा वाचकाचा अधिकार होय. ज्या कागदांवरून मी हा निष्कर्ष काढला ते हे आणि येथे आहेत. तुम्ही जा, पाहा, आणि तुम्हाला निराळे दिसले तर मला खोटा ठरवा, असे आवाहन लेखक तीत करीत असतो.

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाचा उगमच मुळी या अधिकाराच्या वापरातून झाला आहे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेला मराठ्यांचा इतिहास साताऱ्याच्या दप्तरांपर्यंत पोचलेल्या अधिकाऱ्याने लिहिलेला होता आणि एका पिढीने तो जवळजवळ वेदवाक्यासारखा मानला. परंतु डफने आपण वापरलेल्या बखरी व कागद यांचा ठिकठिकाणी निर्देश केलेला असल्यामुळे पुढे नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याला त्या ग्रंथावर साधार टीका लिहिता आली. त्या टीकेने आपल्या इतिहासाची साधने आपणच शोधून छापली पाहिजेत ही जाणीव जागी केली. १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला, आणि १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. डफने आपले आधार झाकून ठेवले असते, तर त्याच्याशी वाद घालणे हे केवळ अभिमानाचे भांडण झाले असते. आधार उघड होते म्हणून ते शास्त्र झाले.

राजवाड्यांचे उदाहरण तर याहूनही उद्बोधक आहे. त्यांची मते प्रखर, त्यांचा आवेश दुर्दम्य, आणि त्यांचे सिद्धांत कित्येकदा प्रमाणांच्या पुढे धावणारे असत. त्यांच्या भाषाशास्त्रीय उपपत्तींपैकी आणि समाजेतिहासविषयक अनुमानांपैकी पुष्कळशी पुढील विद्वानांनी त्याज्य ठरविली. असे असता ‘साधनां’चे बावीस खंड मात्र आजही अभ्यासकाच्या हाताशी लागतात, त्यांच्यावाचून अठराव्या शतकाविषयी चार वाक्येही जबाबदारीने लिहिता येत नाहीत. असे का व्हावे? कारण राजवाड्यांनी आपली मते प्रस्तावनांत मांडली आणि पत्रे पत्रांच्या जागी समग्र छापली. आपल्या सिद्धांताला सोयीच्या ओळी तेवढ्या निवडून वाचकापुढे ठेवल्या नाहीत. त्यामुळे प्रस्तावनेशी ज्याचे पटले नाही, त्यालाही पत्रे उपयोगी पडली. किंबहुना राजवाड्यांचे खंडन करण्याचे साहित्य राजवाड्यांनीच पुरविले. आपल्या खंडनाची सोय जो ग्रंथ स्वतः करून ठेवतो, तो आपल्या कर्त्याच्या प्रमादांनंतरही जिवंत राहतो.

भांडारकर संस्थेच्या आवृत्तीत हीच वृत्ती मुद्रणकलेत उतरलेली दिसते. जो पाठ संपादकांना पुरेसा निश्चित वाटला नाही, त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. जे श्लोक प्रक्षिप्त म्हणून वगळले, ते फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत सांभाळून ठेवले. आणि कोणती पोथी कोणता पाठ देते, हे संक्षिप्त खुणांनी पृष्ठाच्या तळाशी नमूद केले. आमचा निर्णय हा, आमची शंका येथे, आणि आम्ही जे नाकारले ते तुमच्या परीक्षणासाठी खाली ठेवले आहे, असे जो ग्रंथ वाचकाला सांगतो, तो वाचकाला बरोबरीच्या आसनावर बसवितो.

आणि हा सन्मान केवळ वाचकाचाच होतो असेही नाही; ज्याच्याकडून ज्ञान मिळाले त्याचाही होतो. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, तेव्हा ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गावही नोंदले गेले. ‘लोकगीत’ असे मोघम शीर्षक देऊन ज्या स्त्रियांची निर्मिती आजवर अनामिक ठेवली जात होती, त्यांना या नोंदीने कर्तृत्वाचा दाखला दिला. दरबारी कवीचे नाव आवर्जून सांगावयाचे आणि जात्यावर बसलेल्या बाईचे नाव गाळावयाचे, हा भेद साधनांच्या मोलावरून ठरत नाही. तो आपल्या दृष्टीचा दोष आहे, आणि काटेकोर आधारनिर्देश हा त्यावरचा एक उपाय आहे.

यावर प्रकाशक जे आक्षेप घेतात, ते अगदीच निराधार नाहीत. टीपांनी पृष्ठे वाढतात, कागद महाग आहे, सूची करणारा माणूस मिळत नाही, सामान्य वाचक तळटीपा पाहून बिचकतो, आणि एक आवृत्ती संपण्यास वर्षे लागतात, अशा परिस्थितीत हा खर्च कोणी सोसावा? या अडचणी मी हलक्या लेखीत नाही. परंतु वाचक बिचकतो ही समजूत मला पटत नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध होऊन १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव आणि संदर्भग्रंथ देण्याची पद्धत ठेवली गेली. तिने नोंद दुर्बोध झाली, अशी तक्रार माझ्या तरी ऐकिवात नाही. टीपा ग्रंथाच्या अखेरीस घ्याव्यात, संक्षेप ठरवून घ्यावेत, बारीक टाइप वापरावा. बिचकणाऱ्या वाचकाने त्या खुशाल सोडून द्याव्यात. शंभरांतला एक वाचक जरी त्या टीपेपर्यंत गेला, तरी उरलेल्या नव्व्याण्णवांच्या वतीने तो रुजुवात करीत असतो.

दुसरी पळवाट पुस्तकाच्या आरंभीच्या पृष्ठांवर सापडते. लेखकाच्या मतांशी प्रकाशक सहमत असेलच असे नाही, हे वाक्य तेथे छापले की आपली जबाबदारी संपली, असे मानणारे प्रकाशक पुष्कळ आहेत. मतांच्या बाबतीत हे वाक्य योग्यच आहे, नव्हे आवश्यक आहे. मतभेदाला जागा देणे हे प्रकाशकाचे भूषण होय. परंतु अमका मनुष्य अमक्या दिवशी अमक्या ठिकाणी होता, हे मत नव्हे. अमक्या ग्रंथात अमके वाक्य आहे, हेही मत नव्हे. ती विधाने आहेत, त्यांची शहानिशा करता येते, आणि ज्याच्या मुद्रेमुळे वाचक त्यांच्यावर विश्वास ठेवतो, त्या प्रकाशकाला त्यांच्यापासून हात झटकता येणार नाहीत. ऐतिहासिक कादंबरीच्या संबंधात ही जबाबदारी अधिकच वाढते. कादंबरीकाराला कल्पनेचा पूर्ण अधिकार आहे, आणि त्याने तो निःसंकोच वापरावा. पण त्याच कादंबरीतील संवाद काही वर्षांनी भाषणांतून आणि लेखांतून इतिहास म्हणून उद्धृत होऊ लागतात, हे डोळ्यांसमोर असताना, कोणता भाग कागदाधारित आणि कोणता कल्पित याविषयी दोन पृष्ठांचे निवेदन प्रकाशकाने लेखकाकडून मागून घेणे कलेच्या आड येत नाही. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचे प्रमाणांची छाननी करणारे प्रदीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडले गेले, आणि त्यामुळे कादंबरीची मोहिनी तिळमात्र उणावली नाही.

म्हणून प्रकाशकांपुढे माझी मागणी मोजकी आणि व्यवहार्य आहे. भूतकाळाविषयी, शास्त्राविषयी अथवा सार्वजनिक व्यक्तींविषयी विधाने करणारे कोणतेही पुस्तक स्वीकारताना, त्या विषयाचा लेखकाशी स्नेह अथवा वैर नसलेला एक जाणकार नेमून त्याच्याकडून निवडक विधानांची मुळाशी रुजुवात करून घ्यावी आणि त्याला त्या श्रमांचा उचित मोबदला द्यावा. लेखकाने स्वतः पाहिलेली साधने आणि दुसऱ्याच्या द्वारे घेतलेली साधने वेगवेगळी नमूद करावीत. विरुद्ध जाणारा पुरावा माहीत असेल तर तो लपवू नये; संशय असेल तेथे संशय छापावा. आणि चूक सिद्ध झाल्यास पुढील आवृत्तीत ती गुपचूप दुरुस्त न करता, दुरुस्ती कोणती आणि कोणाच्या निदर्शनामुळे झाली, हे कृतज्ञतापूर्वक प्रसिद्ध करावे. यातली एकही गोष्ट अशी नाही की जिच्यासाठी मोठे भांडवल किंवा परदेशी तंत्र लागते. कारीचे दप्तर उघडणाऱ्यांपाशी यांपैकी काहीच नव्हते.

आज समाजात परस्परविरुद्ध कथनांचा जो गलबला चालू आहे, त्यात प्रत्येक पक्ष आपापल्या पुस्तकाकडे बोट दाखवितो, आणि पुस्तके कोणत्याही बाजूला हवी तितकी मिळतात. अशा वेळी अधिक जोराने बोलणारे पुस्तक छापून सत्याचे रक्षण होणार नाही. ज्या पुस्तकाशी मतभेद असणाऱ्या मनुष्यालाही त्याच्या पृष्ठांवरून मूळ पुराव्यापर्यंत चालत जाता येते, तेच पुस्तक दोन विरोधकांना एका कागदासमोर आणून बसवू शकते. आणि असे पुस्तक निर्माण करणे हेच प्रकाशकाचे समाजाविषयीचे प्रथम कर्तव्य आहे.